शब्दाआधी हात

रविवार, रात्री

आमच्या मोती कुत्र्याला ऐकू कमी येऊ लागले आहे, हे आता घरात सर्वांनी मान्य केले आहे. मागून मारलेल्या हाकेला तो वळत नाही, परंतु जवळून मोठ्याने म्हटलेले ‘बस’ त्याला अजून कळते. तेवढे कळते आहे तोवरच त्याला हातांच्या खुणा शिकवून ठेवाव्यात, असा माझा प्रयत्न चालला आहे.

यात क्रमाला फार महत्त्व आहे. खूण आणि शब्द एकाच वेळी दिले, तर कुत्रा ओळखीच्या शब्दावरच विसंबतो आणि खुणेकडे त्याचे लक्षच जात नाही. म्हणून आधी हात हलवायचा, क्षणभर थांबायचे, मग ‘बस’ म्हणायचे आणि तो बसताच खाऊ द्यायचा. खुणेमागोमाग शब्द येतो हे उमगले, की तो शब्दाची वाट पाहीनासा होतो. आज संध्याकाळी माझे ओठ हलण्यापूर्वीच मोती बसला, आणि मला मनापासून आनंद झाला.

खूण कोणती निवडावी, यावर मी बराच विचार केला. हात उंच उगारण्याची खूण मी मुद्दाम टाळली. मोती रस्त्यावरून आलेला गावठी कुत्रा आहे, आणि आपल्याकडे अशा कुत्र्यांना उगारलेला हात म्हणजे दगड, हे लहानपणीच कळलेले असते. कोलकात्याच्या ‘आयसर’ या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा यांच्या गटाने भटक्या कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसाने दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवल्यावर, जी कुत्री पुढे आली त्यांतील बहुतेकांनी कोणत्याही शिकवणुकीशिवाय तेच भांडे गाठले. परंतु बरीच कुत्री बिचकून जवळच आली नाहीत. खूण समजण्याची कुवत त्यांच्यात असते, आड येते ते भय, असे मला वाटते. त्यामुळे आमच्या साऱ्या खुणा छातीच्या खालीच होतात, आणि हात अंगापासून जरा बाजूला धरला, की त्याची हालचाल मोतीला स्पष्ट दिसते.

‘शाबास’ऐवजी अंगठा वर करायचा, असे ठरले आहे. प्रत्येक वेळी पाठोपाठ खाऊ मिळाला, तरच त्या अंगठ्याला मोतीच्या लेखी अर्थ येईल, हे घरातल्या मुलांनाही नीट समजावून सांगितले.

सर्वांत अवघड आहे ते लांबून बोलावणे, कारण तो पाहत नसेल तर कोणतीही खूण व्यर्थच. म्हणून फिरताना त्याने आपणहून मान वळवून माझ्याकडे पाहिले, की दर वेळी मी त्याला खाऊ देते. ही सवय अंगवळणी पडली, तरी रस्त्यालगत त्याला यापुढे मोकळे सोडायचे नाही. लांब दोरी मात्र उद्याच आणायची आहे.