भर उन्हात पेटणारे दिवे

गेल्या उन्हाळ्यात डिचोलीहून मये आणि चोडणमार्गे पणजीला कामावर जाताना समोरून येणारे दुचाकीस्वार मला हाताची बोटे मिटून-उघडून खूण करू लागले. दिवसा दिवा चालू राहिला आहे, हे सांगण्याची ही आपल्याकडची जुनी रीत आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे कायम पेटलेलेच राहू लागल्यावर ती दुचाकींपुरती मागे पडली, पण मोटारवाल्यांना लोक अजूनही आपुलकीने खूण करतात. चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीच्या रांगेत मी उतरून पाहिले, तेव्हा सकाळी अकराच्या उन्हात हेडलाइट खरोखरच जळत होते आणि स्टिअरिंगजवळच्या दांडीवरील बटण नेहमीप्रमाणे ‘ऑटो’वर, म्हणजे अंधार झाला की दिवे आपोआप लागतील अशा स्थितीत होते.

दोन दिवस मी बटणालाच दोष देत राहिलो. ते ‘ऑफ’वर नेले की दिवे विझत आणि ‘ऑटो’वर आणले की पुन्हा पेटत, त्यामुळे बटण ठीक आहे हे खरे तर पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवे होते. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी संगणकाला जोडून तपासली गेली. कोणताही बिघाड नोंदलेला नव्हता, तरीही सेन्सर बदलावा लागेल असे सांगून त्यांनी खर्चाचा जो आकडा दिला तो ऐकून मी गाडी घेऊन घरी परतलो.

उलगडा झाला तो दुसऱ्याच एका तक्रारीमुळे. वायपरही ‘ऑटो’वर असताना कोरड्या काचेवर अधूनमधून फिरत होते, आणि त्याचा दिव्यांशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते. गाडीसोबत मिळालेली पुस्तिका प्रथमच नीट वाचली तेव्हा कळले की माझ्या गाडीत प्रकाश मोजणारा आणि पाऊस ओळखणारा असे दोन्ही सेन्सर आरशामागे, पुढच्या काचेला आतून चिकटवलेल्या एकाच डबीत आहेत. तीन आठवड्यांपूर्वी खडीच्या ट्रकमधून उडालेल्या दगडाने तडकलेली ती काच मी बदलून घेतली होती. दोन्ही तक्रारी त्यानंतरच्या होत्या.

फोंड्यातील एका अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकाकांनी आरशामागचे प्लास्टिकचे झाकण उघडले, तेव्हा डबीची एक क्लिप अर्धवट बसलेली आणि डबी काचेपासून एका बाजूने सुटलेली दिसली. काच आणि डबी यांच्यामध्ये पारदर्शक, मऊ जेलची एक चकती असते. जुन्या काचेवरची तीच चकती पुन्हा वापरल्यामुळे तिच्यात हवेचे बुडबुडे अडकले होते. पावसाचा सेन्सर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश काचेत तिरपा सोडतो. काच कोरडी असेल तर तो बाहेरच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन परत येतो आणि थेंब पडले की त्यातला काही भाग बाहेर निसटतो. परत येणारा प्रकाश कमी झाला म्हणजे पाऊस, असा त्याचा हिशेब असल्याने बुडबुड्यांमुळे झालेली घटही त्याला पाऊसच वाटत होती. प्रकाशाचा सेन्सर तर त्याहून साधा आहे. आपल्यापर्यंत किती उजेड पोहोचतो एवढेच त्याला कळते, आणि तिरपी झालेली डबी काळ्या झाकणाच्या सावलीत तोंड खुपसून बसल्यामुळे त्याच्या लेखी दिवसभर संध्याकाळच होती. संगणकाला बिघाड सापडला नाही याचेही कारण हेच, कारण सेन्सर चुकीच्या जागेवरून बरोबर मोजमाप करत होता.

काकांनी काच पुसून नवी चकती एका कडेपासून हलके दाबत बसवली, जेणेकरून हवा आत राहू नये, आणि दोन्ही क्लिपा आवाज येईपर्यंत दाबल्या. गॅरेजच्या पत्र्याखाली दिवे पेटलेलेच राहिले म्हणून मी निराश झालो, तेव्हा त्यांनी हसून गाडी उन्हात काढायला लावली. तिथे दिवे थोड्या वेळाने आपोआप विझले. बाहेरून काचेवर आरशाच्या जागी काळे फडके धरले की ते लगेच पेटत आणि फडके काढल्यावर मात्र काही क्षण थांबूनच विझत. ही दिरंगाई मुद्दाम ठेवलेली असते. पेटण्यासाठी आणि विझण्यासाठी प्रकाशाची मर्यादाही वेगवेगळी असते, नाही तर मोलेच्या जंगलातील ऊन-सावलीच्या रस्त्यावर दिवे सारखे उघडझाप करत राहिले असते. चकती आणि मजुरी मिळून आलेला खर्च सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हता.

या खटपटीत उमगलेली एक गोष्ट पावसाळ्यात चोर्ला घाटात उपयोगी पडली. धुके दाट होते, पण पांढरेशुभ्र आणि उजळ होते, त्यामुळे सेन्सरला दिवस दिसत होता आणि हेडलाइट पेटले नाहीत. पुढची दिवसा जळणारी पट्टी चालू होती आणि डॅशबोर्डवरचे काटेही उजळलेले होते, म्हणून आत बसलेल्या माणसाला सर्व दिवे लागले आहेत असेच वाटावे. माझ्या गाडीत त्या पट्टीबरोबर मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकला मी जवळजवळ अदृश्यच होतो. मी बटण ‘ऑटो’वरून काढून हाताने हेडलाइट लावले आणि केरीला खाली उतरेपर्यंत ते तसेच ठेवले.