पनीर युनिटचं अनुदान: पैसे येतात कधी आणि अडकतात कुठे

सिन्नर-निफाड पट्ट्यात दूध संकलन केंद्र चालवणारे बरेच जण आता पनीर, श्रीखंड, पेढ्याकडे वळू पाहतात. विचार चांगला आहे. लग्नसराईत पनीर कमी पडतं, आणि त्र्यंबकेश्वर-वणीच्या वाटेवर पेढ्याला गिऱ्हाईक असतंच. घोळ होतो तो अनुदानाच्या हिशेबात.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये मिळतात. आपल्याकडे ही योजना कृषी विभाग राबवतो. अर्ज ऑनलाइन असतो आणि प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते. आधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन सध्या अर्ज घेतायत का, ते विचारा.

समजा प्रकल्प 20 लाखांचा आहे. स्वतःचे किमान 10 टक्के, म्हणजे 2 लाख. उरलेले 18 लाख बँकेचं कर्ज. अनुदानाचे 7 लाख मंजूर झाले तरी ते तुमच्या हातात पडत नाहीत. बँकेत वेगळ्या खात्यात राहतात, आणि बँकेने कर्जाचा शेवटचा टप्पा दिल्यानंतर 3 वर्षं युनिट चालू असेल, खातं थकलेलं नसेल, तरच कर्जात वळते होतात. त्यामुळे 7 लाख हातात नाहीत असंच धरून धंद्याचं गणित मांडा. तसं जमत नसेल तर प्रकल्प लहान करा.

जमिनीची किंमत यात धरत नाहीत. खेळतं भांडवलही नाही, आणि युनिट बंद पडतात ती बहुतेक इथेच. रोज 200 लिटर म्हशीचं दूध, लिटरला 60 रुपये धरा: दिवसाला 12 हजार. शेतकऱ्याला दुधाचा पगार दर दहा दिवसांनी लागतो, हॉटेलवाला महिन्याने देतो. त्याचे पहिले पैसे येईपर्यंत तीन पगार, म्हणजे 3 लाख 60 हजार रुपये खिशातून जातात. शिवाय गॅस, मजुरी, पॅकिंग. तेव्हा मुदत कर्जासोबतच कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी लागेल तशी उचल करण्याची, मर्यादा मागा. नंतर मागायला गेलात की बँक आधीची उलाढाल दाखवा म्हणते.

कोटेशन घेताना विक्रेता मोठी मशीन गळ्यात मारतो, 35 टक्के सरकार देतंय म्हणून. 150 लिटर दुधासाठी 500 लिटरचा पाश्चरायझर (दूध तापवून जंतू मारायचं यंत्र) म्हणजे रोज रिकामं भांडं तापवणं. आधी खव्याची स्टीम कढई, पनीर प्रेस, क्रीम सेपरेटर आणि थंड साठवण एवढं पुरतं. कप सीलिंग मशीन श्रीखंडाचं गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर. कर्ज मंजूर व्हायच्या आत काहीही विकत घेऊ नका, ती बिलं धरली न जाण्याचा धोका असतो. रोखीने तर मुळीच नको. गावठाणात थ्री फेज वीज किती तास टिकते तेही मशीन ठरवण्याआधी बघा, नाहीतर डिझेलचा खर्च नफा खातो.

म्हशीच्या 100 लिटर दुधातून साधारण 18 ते 20 किलो पनीर निघतं, गाईच्या दुधातून 14 ते 16. अहवालात 22 लिहून बँकेला खूश करणारे सल्लागार आहेत; पहिल्या हप्त्यालाच ते आकडे उघडे पडतात. सेपरेटर लावून तुपासाठी जास्त फॅट काढली, तर पनीर चिवट होतं आणि नमुनाही नापास होऊ शकतो. नियमाप्रमाणे पनीरमध्ये पाणी 60 टक्क्यांपेक्षा जास्त नको आणि पाणी सोडून उरलेल्या भागात दुधाची फॅट किमान 50 टक्के हवी.

नवीनच युनिट असेल तर पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान बघा. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला 25 टक्के, महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसींना 35. मोठं शीतकरण केंद्र काढायचं असेल तर पशुसंवर्धन पायाभूत सुविधा निधी आहे, पण ते अनुदान नव्हे, व्याजात 3 टक्के सवलत आहे.

निवळीचं, म्हणजे पनीर काढल्यावर उरणाऱ्या पाण्याचं, काय करणार, हा प्रश्न अहवालात सहसा नसतो. 200 लिटर दुधामागे दीडशे लिटरच्या वर निवळी रोज निघते. गटारीत सोडली की दोन दिवसांत वास सुटतो, आणि ग्रामपंचायतीने दिलेला ना-हरकत दाखला वादात सापडतो. जवळच्या गोठ्यांशी आधीच बोलून ठेवा. ताजी असेल तर जनावरं पितात, पण सुरुवातीला थोडीच द्यायची.