अंजनेरीचे शेणकिडे आणि मेळघाटातलं अस्वल

नाशिकहून त्र्यंबक रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर अंजनेरी येतं. पावसाच्या सुरुवातीला लोक इथे अंजनीमातेच्या दर्शनाला आणि ढगांत भिजायला चढतात. मी मात्र पायऱ्या संपताच पठारावरच्या गुरांच्या वाटेवर बसून राहिले. ताज्या शेणावर शेणकिडे उतरले होते.

एक काळा किडा गोळा घेऊन निघाला होता. डोकं खाली, पुढचे पाय जमिनीवर, आणि मागच्या पायांनी गोळा उलट्या दिशेने रेटायचा. मला मेळघाटात पाहिलेलं अस्वल आठवलं. ताकद मोजायला गेलं तर किडा सहज जिंकतो. 'ऑन्थोफॅगस टॉरस' या शेणकिड्याच्या नराने स्वतःच्या वजनाच्या १,१४१ पट ओढल्याची नोंद आहे. त्या हिशेबाने १०० किलोच्या अस्वलाला ११४ टन ओढावे लागतील. पण हा हिशेब मला अन्यायाचा वाटतो. शरीर मोठं होताना वजन घनफळाच्या प्रमाणात वाढतं, स्नायूंचं बळ मात्र त्यांच्या जाडीच्या क्षेत्रफळाएवढंच. या मोजणीत लहान जीव पुढेच राहणार.

खरी जोडी जमते ती खोदण्यात आणि पोरं वाढवण्यात. अस्वल लांब वाकड्या नख्यांनी वारूळ फोडतं, नाकपुड्या मिटतं आणि वाळवी शोषून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, तिथूनच ती आत जाते. शेणकिडा दातेरी पुढच्या पायांनी माती उकरतो. अस्वलीण एक-दोन पिल्लं पाठीवर घेऊन महिनोन्‌महिने हिंडते. किडे म्हणजे शेकड्याने अंडी, असं आपण धरून चालतो. पण शेणकिड्याची मादी एका गोळ्यात एकच अंडं ठेवते, आणि 'कॉप्रिस' गटातली मादी तर जमिनीखाली त्या गोळ्यांची राखण करत थांबते.

"काय हरवलं का, ताई?" गुरं घेऊन आलेल्या बाबांनी विचारलं.

"नाही बाबा, हे किडे बघतेय."

"पाऊस पडला का निघतात. शेण ठेवत नाहीत."

गुरांना जंताचं औषध देता का, विचारलं. देत होते. आयव्हरमेक्टिनसारखं औषध शेणातून बाहेर पडतं आणि त्यातल्या अळ्या मारतं, हे मी सांगितलं. औषध पाजल्यावर काही दिवस गुरं खालीच ठेवता येतील का?

"त्यापेक्षा किडे निघायच्या आधीच पाजू," बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात."

हा उपाय जास्त चांगला होता.