न लागलेल्या भुकेचा उपास

एकादशी, रात्री अकरा

संध्याकाळी आई शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमच्या हिला पहिल्यापासून संयम फार. त्या वाटेला कधी गेलीच नाही." मी आत खिचडीची कढई घासत होते. हसूच आलं. भूक लागली असताना खायचं नाही, त्याला उपास म्हणतात. मला भूकच लागली नाही. मग पुण्य कशाचं?

2004 च्या एप्रिलमध्ये द्रविडने रावळपिंडीत 270 काढल्या, तेव्हा मी पुण्यात होस्टेलवर होते. एका रात्री गच्चीवर 'कुणाला कोण आवडतो' सुरू झालं. माझा नंबर आला तसं म्हटलं, द्रविड. पोरींनी शिट्ट्या मारल्या. मला आवडलं होतं ते त्याचं बारा-बारा तास न कंटाळता बाहेरचे चेंडू सोडत राहणं. पण सुटले. पुढे कितीतरी वर्षं तेच उत्तर पुरवून पुरवून वापरलं. बाकीच्या मुली जे काही होतं म्हणायच्या, ते थोडं वाढवून सांगतात असं मला खरंच वाटायचं.

मग ऑफिसातला तो. सिंहगडावर भजी खाताना त्याने हात हातात घेतला. माणूस चांगला, गप्पा तर उतरताना संपेनात. पण हात कधी परत मिळतोय याकडेच माझं लक्ष. घरी येऊन रडले, त्याच्यासाठी नाही, स्वतःच्या कोरडेपणासाठी. मावशी म्हणाली, लग्न झालं की येतं सगळं आपोआप. (पोहणंसुद्धा विहिरीत ढकलून शिकवणाऱ्यांपैकी आहे ती.)

स्वतःला कमी उलटंसुलटं केलं नाही. भीती आहे का? नाही. लहानपणी काही वाईट घडलं? नाही. थायरॉईड तपासला, नॉर्मल. मुली आवडतात का, हेही मनाशी खोटं न बोलता पाहिलं. तिथेही शांतता. कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवून पावसाचा आवाज ऐकावा असं मात्र वाटतं, खूप वाटतं. त्याच्या पुढे काही नाही.

किन्सी नावाच्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने 1948 साली माणसांच्या लैंगिक कलाची मोजपट्टी छापली. फक्त भिन्नलिंगी ओढ असलेले 0, फक्त समलिंगी 6. ज्यांची कुणाकडेच ओढ दिसली नाही, त्यांच्यासाठी पट्टीबाहेर एक खूण केली: एक्स. म्हणजे आपली फुली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाईट वाटलं, शाळेत चुकलेल्या गणितावर असायची तीच ही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, इतक्या आधी कुणीतरी मोजताना मला धरलं होतं.

अशी ओढ नसणाऱ्यांना मराठीत 'अलैंगिक' म्हणतात. मला तर शाळेच्या विज्ञानातलं अलैंगिक प्रजनन आठवतं. अमिबा, यीस्ट, हायड्रा. बरी संगत आहे. तरी आज कढई घासता घासता तो शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहिला. नळ चालू होता.

आईला सांगायचं म्हणते. सगळं शांतपणे ऐकून घेईल आणि म्हणेल, "अगं, मग मी काय वेगळं म्हणत होते? संयम!"