वाळूच्या हौदाचा काठ

अडीच वर्षांची लेक आणि सत्तरीतली आई यांना घेऊन अ‍ॅमस्टरडॅमला जायचे ठरले, तेव्हा संग्रहालयांच्याही आधी मी बर्टेलमनप्लेन या लहानशा चौकाचे नाव टिपून ठेवले होते. वास्तुविशारद आल्दो व्हान आइक यांनी महापालिकेसाठी आखलेली खेळाची पहिली जागा ती हीच, १९४७ सालची. पुढे १९७८ पर्यंत या शहरात अशा सातशेहून अधिक जागा झाल्या. युद्धानंतर ओस पडलेले भूखंड असोत की एखाद्या चौकाचा कोपरा, जे हाती लागेल ते त्यांनी आणि पालिकेतल्या नगररचनाकार याकोबा मुल्डर यांनी मुलांसाठी मिळवले.

वाळूचा उथळ हौद, कोलांट्या मारायला लोखंडी दांडे, कडेने झाडे आणि बाक, एवढाच तो मूळ आराखडा. मी मात्र हौदाच्या रुंद, बुटक्या काठापाशीच रेंगाळले. लेकीने वाळूचे लाडू वळून त्यावर ओळीने मांडले, तिच्या शेजारी मला टेकता आले आणि आई चार पावलांवरच्या बाकावरून तिच्याशी बोलत राहिली. आमच्या घराजवळच्या बागेत घसरगुंडी एका टोकाला आणि बाक दुसऱ्या टोकाला असल्यामुळे नातीवर लक्ष ठेवायचे तर आईला तासभर उभे राहावे लागते, आणि गुडघे दुखू लागले की दोघी खेळ अर्धवट टाकून घरी येतात.

दुसऱ्या दिवशी डेल्फ्ट. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत चारशेहून अधिक मुले दगावली, तेव्हा ‘बालहत्या थांबवा’ म्हणत पालक रस्त्यावर उतरले. डेल्फ्टमध्ये आकाराला आलेल्या ‘वोनएर्फ’ या रचनेला १९७६ मध्ये कायद्याचे बळ मिळाले. या शब्दातला ‘एर्फ’ म्हणजे आपले अंगणच. तिथे चालणाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी मोकळी असते आणि मोटारीने माणसाच्या चालीने जायचे असते.

तीन वर्षांच्या मुलाच्या, म्हणजे ९५ सेंटीमीटरच्या उंचीवरून शहर पाहा, असे सांगणाऱ्या ‘अर्बन९५’ या उपक्रमात आमचे पुणेही सहभागी झाले होते. ते आठवून मी डेल्फ्टच्या त्या गल्लीत उकिडवी बसले. समोर कुंड्या, विटांची फरसबंदी आणि दाराशी टेकवलेली सायकल दिसत होती. लेक आजीचे बोट सोडून रस्त्याच्या मधोमध चालू लागली, आणि एरवी लगेच हाक मारणारी आई तिच्यामागून सावकाश चालत राहिली.