शेवटच्या नळाचं पाणी

काल पंचायत समितीत आम्हा जलसुरक्षकांचं, म्हणजे गावच्या पाण्याची शुद्धता बघणाऱ्यांचं, प्रशिक्षण झालं. पंचगंगाकाठच्या गावांतली बरीच मंडळी आली होती. जलजीवन मिशनचं माणशी रोज 55 लिटर, एप्रिल आणि ऑक्टोबर असं वर्षातून दोनदा होणारं पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण, त्यावरून ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड हे सगळं झालं. पण मला खरं भावलं ते टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं, प्रात्यक्षिक.

टीसीएलमध्ये साधारण 33 टक्के क्लोरीन असेल तर हजार लिटरला 5 ग्रॅम. म्हणजे आमच्या 50 हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. पावडर थेट टाकीत ओतायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत सोडायची आणि अर्धा तास कळ काढायची. पोतं उघडं राहिलं की पावडरीचा दम जातो, मग वजन बरोबर असूनही उपयोग शून्य. हे आमच्याकडं एका पावसाळ्यात घडलंय. गल्लीत पोरं जुलाबानं आजारी पडली. ते दिवस मी विसरलेलो नाही.

आज पहाटे टाकीजवळ न तपासता थेट गावाच्या टोकाला, शेवटच्या नळावर गेलो, तिथवर क्लोरीन उरतंय का बघायला. आक्का घागर लावून बसल्या होत्या. नळीत पाणी घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला, तक्त्याशी लावून बघितला तर उरलेलं क्लोरीन लिटरला 0.2 मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे पुरेसं.

"काय रं, बरं हाय न्हवं पाणी?"

"बरं हाय आक्का, भरा निवांत."

आता पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराचं पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायच्या आत जॅकवेलची, म्हणजे नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीची, मोटर आणि पॅनेल बघून घ्यायचंय. ज्यांच्या गावात ही कामं उरकलीत त्यांनी जरूर कळवा.