सात त्रिक एकवीस

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा म्हणून निरोप आला, तेव्हा आपल्या शाळेची पहिली आठवण झाली ती पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांची.

१९६८ साल, मॅट्रिकचा वर्ग. लॉगरिदम, म्हणजे दहाचा कितवा घात केला की ती संख्या मिळते तो आकडा, आम्हाला नुसता छळ वाटायचा. पुस्तकात ओळ शोधा, बेरीज करा, मग अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून परत मूळ संख्या. हे कशासाठी, ते कुणालाच उमगत नव्हतं. एके दिवशी गणिताच्या सरांनी प्रत्येकाला जाड पुठ्ठा, फूटपट्टी आणि टोक केलेली पेन्सिल आणायला सांगितली.

पट्टी २५ सेंटीमीटरची. डाव्या टोकाला १, उजव्या टोकाला १०. मधले आकडे लॉगच्या मापाने. २ चा लॉग ०.३०१०, त्याला २५ ने गुणलं की साडेसात, तिथे २ ची खूण. ३ ची बाराच्या किंचित अलीकडे. म्हणजे १ ते २ एवढी ऐसपैस जागा आणि ९ ते १० मध्ये सव्वा सेंटीमीटरसुद्धा नाही! दोन्ही पट्ट्यांवर त्याच खुणा केल्या. मग वरच्या पट्टीचा १ खालच्या २ वर ठेवला आणि वरच्या ३ खाली पाहिलं, तर ६. साडेसातात जवळजवळ बारा मिळवले की साडेएकोणीस, आणि ६ ची खूण नेमकी तिथेच. गुणाकाराची बेरीज होते म्हणजे काय, ते त्या दिवशी हातांना कळलं.

उत्तर पट्टीबाहेर गेलं तर १ ऐवजी १० लावायचा. पण पट्टीला शून्य आणि दशांशचिन्ह कळत नाही. २४ गुणिले ३७ केलं की ती ८.८८ दाखवते. म्हणून सरांचा दंडक होता, आधी तोंडाने अंदाज सांगायचा, मगच पट्टीला हात लावायचा. पंचवीस छत्तीस नऊशे, म्हणजे उत्तर ८८८. आजोबांकडून पावकी-दिडकी शिकलेली मुलं यात सगळ्यांच्या पुढे असायची.

पुढे नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजात गेल्यावर सीताबर्डीच्या बाजारातून जुनी जपानी स्लाईड रूल, म्हणजे आमच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचीच तयार आवृत्ती, घेतली. बांबूची, वर पांढरं सेल्युलॉइड, काचेच्या कर्सरवर केसाएवढी रेघ. वरच्या ए स्केलवर तेवढ्याच लांबीत १ ते १०० बसवलेले असतात. त्यामुळे सळईचा व्यास खालच्या, १ ते १० च्या डी स्केलवर धरला की त्याचा वर्ग वर आयता मिळायचा. तीन आकड्यांपर्यंत उत्तर यायचं आणि आमच्या कामाला ते पुरायचं. १९७२ मध्ये अमेरिकेत एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर निघाला आणि पाहता पाहता या पट्ट्या मागे पडल्या.

पुठ्ठ्याची पट्टी मात्र मी जपली आहे. तिच्यावर ७ पाशी दोन खुणा आहेत. मी ०.८४५१ ऐवजी ०.८३५१ वाचलं होतं, त्यामुळे खूण अडीच मिलिमीटर डावीकडे गेली. तीन गुणिले सात केल्यावर मी बेधडक साडेवीस सांगितलं. सर बाकाशी आले आणि म्हणाले, "अरे, सात त्रिक किती? मग तुझी पट्टी असं का म्हणते, शोध."

तास संपेपर्यंत मी शोधत होतो. चूक सापडल्यावर खोडायला रबर काढलं, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे ती," म्हणाले, आणि खिशातली लाल पेन्सिल माझ्या हातात दिली.